महालक्ष्मीपुढचं सैन्य

विष्णुपुरी, नांदेड
११ मार्च २०२४

शेषेराव काकांना नमस्कार,

मी वैजनाथ इंगोले, मूळचा अर्धापूरचा. भारत गेल्यावर त्याच्या खोलीवरचं सामान न्यायला तुम्ही आलात, तेव्हा जिन्यात गादी धरून उभा होता तो मी. त्या दिवशी बोलणं झालं नाही. नंतर एकदा फोन केला तर काकूंनी उचलला. भारतचा मित्र बोलतोय एवढंच म्हणालो आणि त्यांना रडू आलं. मग मीच ठेवला. म्हणून लिहितो आहे.

तुम्ही नेलेल्या सामानात एक डबा नव्हता. तो माझ्याकडे आहे. ताप चढून दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच्या रविवारी भारत तो इथं ठेवून गेला होता. पुढच्या रविवारी लागणारच आहे म्हणाला.

डब्यात काय आहे ते सांगायला हवं. आम्ही पाच-सात जण रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. मोठ्या टेबलावर डोंगर, पडक्या भिंती मांडायच्या, दोन्ही बाजूंनी बोटाबोटाएवढी माणसं उभी करायची आणि टेपनं अंतर मोजून, फासे टाकून लढाई करायची. फासे म्हटल्यावर जुगार समजू नका. तसलं काही नाही. खेळ आहे हजारो वर्षांनंतरच्या जगातला, ग्रहांवरच्या लढायांचा. त्यातले चिलखतवाले सैनिक प्लास्टिकचे मिळतात, ते आपणच जोडायचे आणि रंगवायचे. आमच्या सगळ्यांची सैन्यं तसलीच.

भारतनं पहिल्याच दिवशी डब्यातून गाव काढलं. कुंभार, सुतार, कावडवाला, जात्यावरची बाई, सूप घेतलेली बाई, छत्रीवाला, पाल्याचे भारे घेतलेले गडी, फेटेवाले. महालक्ष्मीपुढं आरास मांडतात ना, तसलं मातीचं गाव. आम्ही लई हसलो. तो म्हणाला, "हसा. ह्याच गावानं तुमची यानं पाडतो का न्हाई बघा."

आमच्याकडची उरलेली प्लास्टिकची हत्यारं मागून मागून त्यानं त्या माणसांना बसवली. कुंभाराच्या चाकावर तोफ आली. कावडीच्या घागरींना नळ्या लावून आग फेकायचं यंत्र झालं. मी नियम काढून अडवायला गेलो, तर नियमात कोणती माणसं वापरायची असं काही नाही. समोरच्याला कोण काय आहे ते लांबून ओळखू आलं की झालं. आणि काका, त्या गावानं माझी यानं खरंच पाडली. एकदा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादला या खेळाची स्पर्धा असते. यंदा भारत जाणार होता. आमच्या सगळ्यांचं म्हणणं आहे की त्याचं सैन्य त्याच्या नावानं तिथं मांडावं. खेळेन मी. पण तुमची परवानगी असेल तरच. नाहीतर डबा लगेच शिरूरला आणून देतो.

काकूंना नमस्कार.

आपला,
वैजनाथ


शिरूर अनंतपाळ, जि. लातूर
२३ मार्च २०२४

श्री. वैजनाथ यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर मला बोलता येत नाही, तेव्हा लिहिलंत हे बरं केलंत.

भारत असला काही खेळ खेळत होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते गाव त्याच्या आईचं आहे. लग्नानंतर पहिल्या महालक्ष्म्यांना तिच्या माहेरून आलं होतं. नवीन संच आल्यापासून ते ट्रंकेतच होतं. ऑफिसातल्या गणपतीपुढं मांडायला पाहिजे असं सांगून त्यानं ते नेलं. गणपती होऊन गेले, दिवाळी झाली, आई विचारायची आणि तो उद्या आणतो म्हणायचा. आम्हाला वाटलं, फुटलं असेल आणि सांगायला लाजत असेल.

सत्ताविसाव्या वर्षी मुलगा रविवारी बाहुल्या मांडून बसत होता हे वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी तहसीलमध्ये अव्वल कारकून होतो. मला त्यातलं काही कळत नाही.

स्पर्धेबद्दल त्याच्या आईला विचारलं. तिची हरकत नाही. तिचं एकच म्हणणं आहे. आमच्या घरी गेलेल्या माणसाच्या हातचं काम अर्धवट असलं तर ते तसंच उचलून ठेवत नाहीत. माझी आई गेली तेव्हा तिची वाकळ अर्धी शिवलेली होती. भावकीतल्या बायांनी तेराव्याच्या आत ती पुरी केली, मगच ती अंगावर घेतली. अपुरं घरात आणलं की त्याचा जीव त्यात घुटमळतो असं म्हणतात. माझा विश्वास आहे की नाही हे महत्त्वाचं नाही. तिचा आहे. तेव्हा त्या माणसांमध्ये भारतच्या हातून काही करायचं राहिलं असेल तर तुम्ही मित्रांनी ते पुरं करा, तुमची स्पर्धा होऊ द्या आणि मग गाव आमचं आम्हाला पोचवा.

एक विचारायचं आहे. त्या माणसांना रंग भारतनंच दिला का? घरी त्यानं कधी ब्रश हातात धरलेला मी पाहिला नाही.

शेषेराव बिरादार


विष्णुपुरी, नांदेड
१४ एप्रिल २०२४

शेषेराव काकांना नमस्कार,

परवानगी दिलीत, सगळ्यांना बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला, कारण सगळा डबा बाहेर काढून, एकेक माणूस बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

तुम्ही रंगाचं विचारलंत. सगळा रंग भारतनंच दिला आहे. कोणाला हात लावू द्यायचा नाही. आधी सगळ्यांना काळा हात मारला आणि मग स्वतः बशीत रंग कालवून एकेक माणूस रंगवला. खिडकीपाशी पाठ करून बसायचा. मी डोकावलो की म्हणायचा, "वैज्या, सावली पाडू नको, व्हय तिकडं." त्याचे रंग आमच्यासारखे चकचकीत नव्हते. सगळं मातकट. पाला तपकिरी, लुगडी तपकिरी. पोरं त्याला धुळीचं सैन्य म्हणायची. तो म्हणायचा, "आपल्याकडं उन्हाळ्यात येऊन बघा, सगळ्यावर धूळच असती." मला ते पटायचं. काका, ते बाहुल्या मांडणं नव्हतं. एक माणूस रंगवायला त्याला दोन-दोन दिवस लागायचे.

तुम्ही त्यात आहात. छत्रीवाला. हे मी माझ्या मनानं लिहीत नाही, तो तसं म्हणायचा. छत्रीवाला त्याचा सेनापती. खेळात सेनापतीला एक शक्ती निवडता येते. सगळे जण सेनापतीला वेगानं पळणारा नाहीतर लांब मारा करणारा करतात. भारतनं निवडलेली शक्ती अशी की छत्रीवाला जागचा हलत नाही, पण तो जिथवर बघतो तिथवर त्याचा एकही माणूस पळून जाऊ शकत नाही. माझ्या तोफा चालू असायच्या, निम्मं गाव पडलेलं असायचं, आणि उरलेलं हलायचं नाही. मी वैतागलो की म्हणायचा, "कसं पळतील बे? अण्णा बघून राहिलेत ना." आणि खो खो हसायचा.

आता अपुरं काय आहे ते. भारे घेतलेल्या तीन गड्यांना हत्यारं बसवायची राहिली आहेत, ती बसवतो. सुपाचा एक कोपरा उडाला आहे, तो लिंपतो. मोठं काम फेट्यांचं. फेटेवाल्यांच्या त्यानं दोन फळ्या केल्या होत्या, लाल फेट्यांची आणि हिरव्या फेट्यांची. लाल फेटे धावून जाणारे, हिरवे एका जागी थांबून मारा करणारे. हे तो पहिल्यापासून सांगायचा. पण फेट्यांना नुसता तळरंग दिला आहे, लाल-हिरवा वरचा हात मारायचा राहूनच गेला. दोन्हीकडं तोच मातकट रंग, एका फळीला जरा गडद, एका फळीला जरा फिका. त्यावरून आमची दर रविवारी भांडणं व्हायची. मी विचारायचो, "हे धावणारे का थांबणारे?" तर माझ्याकडं बघून म्हणायचा, "डोळे फुटले का तुझे? लाल हाय ना ते." एवढ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा की दुसऱ्या कोणाला खरंच वाटलं असतं. रंग द्यायचा कंटाळा करून वर मलाच आंधळा म्हणतो, म्हणून आम्ही त्याला शिव्या घालायचो.

या रविवारपासून फेट्यांना हात घालतो. त्याच्या मनात होतं तसंच होईल. काकूंना सांगा, काही अपुरं ठेवणार नाही.

आपला,
वैजनाथ


शिरूर अनंतपाळ
७ मे २०२४

वैजनाथ,

फेट्यांना हात लावू नकोस.

तुझं एप्रिलचं पत्र काल संध्याकाळी माझ्या हातात पडलं. महिनाभर आम्ही उदगीरला सुकन्याकडे, आमच्या मुलीकडे होतो. घराला कुलूप होतं म्हणून पोस्टमननं पत्र शेजारी दिलं आणि ते त्यांच्या टीव्हीवर पडून राहिलं. वाचल्यावर तुला दोनदा फोन लावला. लागला नाही. लागला असता तरी मी हे बोलू शकलो असतो की नाही मला माहीत नाही.

फेट्यांवरचा रंग तळरंग नाही. तो पुरा झालेला रंग आहे.

भारतला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता. जन्मापासून. आम्हाला ते कळलं तो रेल्वेची लेखी परीक्षा पास झाला तेव्हा. डोळ्यांच्या तपासणीला मीच त्याला घेऊन सिकंदराबादला गेलो होतो. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. माझ्यासारख्या चष्मेवाल्याला लांबून आकडा दिसत होता आणि तो म्हणत होता, यात काही नाही, नुसते ठिपके आहेत.

आमच्याकडं मुलाचं लग्न जमेपर्यंत असल्या गोष्टी उंबऱ्याबाहेर जात नाहीत. तुमच्याकडंही जात नसतील. स्थळं येत होती. मुलीकडचे दमा विचारतात, फिट विचारतात, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारतात. मी त्याला सांगितलं होतं, मित्र असो नाहीतर कोणी, हे कोणाजवळ काढायचं नाही. त्यानं ते पाळलं. त्याच्या आईनं तर ते कधी मानलंच नाही. तिचं म्हणणं, त्या माणसानं घाईत बघितलं, पोरगं घाबरलं होतं.

त्याला फिका आणि गडद एवढंच कळायचं. तुला जे दोन मातकट रंग दिसले ते त्याचे लाल आणि हिरवा आहेत. बशीत कालवून कालवून त्यानं ते वेगळे केले आणि त्याला ते वेगळे दिसत होते. तो तुझी थट्टा करत नव्हता.

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. हा मुलगा जग कसं बघत होता हे मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही. आता ते त्या डब्यात आहे आणि दुसरीकडं कुठंही नाही. मला ते बघायचं आहे. स्पर्धा करायची असेल तर आहे तसं मांड, नसेल तर राहू दे. पण जसं आहे तसं मला दे. अपुरं काही नाही त्यात.

पत्र मिळताच फोन कर. एवढंच सांग की हात लावलेला नाही.

शेषेराव


विष्णुपुरी, नांदेड
२० मे २०२४

शेषेराव काका,

फोन केला नाही. तुम्ही ज्यासाठी करायला सांगितला होता ते मला सांगता येत नव्हतं.

वादळात अर्धापूरची आमची केळी आडवी झाली, त्यामुळं मी तिकडंच होतो, शेतात फोनला रेंज नव्हती. पण ते कारण नाही. पत्र वेळेवर आलं असतं तरी उपयोग नव्हता. फेटे मी एप्रिलमध्येच रंगवले. लाल आणि हिरवे, दोन-दोन हात देऊन. फेटे झाल्यावर बाकीचं गाव त्यापुढं मळलेलं दिसायला लागलं. मग लुगडी रंगवली. मग पाला. मग छत्री. आम्ही तिघं बसत होतो. वरून लाखेचा हात दिला, कारण प्रवासात रंग उडू नये. काका, एक इंचही जुना रंग राहिलेला नाही. मी सगळे बघितले. पालथे करून बघितले.

माझं चुकलं असं लिहायला बसलो होतो. पण ते लिहून पुढं जाता येत नाही, म्हणून जे खरं वाटतं ते लिहितो. राग आला तर येऊ द्या.

सात वर्षं आम्ही बरोबर होतो. कॉलेजात एका बाकावर, नंतर एका मेसला. माझ्या बहिणीच्या लग्नात वाढायला तो होता. माझ्या बापाचं दारूचं त्याला माहीत होतं, घरच्यांनाही सांगितलेलं नाही ते त्याला सांगितलेलं होतं. आणि त्यानं मला हे सांगितलं नाही. आता सगळं आठवतं. शर्ट घ्यायला गेलो की म्हणायचा, "तूच काढ बे, मला कंटाळा आलाय." आंब्याच्या गाड्यावर मला पुढं करायचा. बशी घेऊन पाठ करून बसायचा ते सावलीसाठी नव्हतं. मी त्याला शिव्या घालत होतो, आळशी म्हणत होतो आणि तो हसत होता. मला एकदा सांगितलं असतं तर मी त्या फेट्यांना हात लावला असता का?

तुम्ही त्याला गप्प राहायला सांगितलं आणि तो राहिला. लग्न झालं नाही, रेल्वेची नोकरी मिळाली नाही ती नाहीच, आणि गुपित मात्र पुरं सांभाळलं. तुम्ही पत्रात लिहिलंत, राहिलं असेल ते पुरं करा. मी केलं. तुम्ही त्याच पत्रात रंग कोणी दिला हे विचारलंत. का विचारता ते एका ओळीत लिहिलं असतं तर?

स्पर्धेतून नाव काढून घेतलं. ते आता त्याचं सैन्य नाही, मी कोणत्या तोंडानं मांडू.

वरचा रंग काढता येतो का ते इथं विचारलं. काही जण स्पिरिटनं काढतात. पण मातीवर खालचा रंग राहील याची खात्री कोणी देत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो.

वैजनाथ


शिरूर अनंतपाळ
२८ मे २०२४

श्री. वैजनाथ,

डबा पाठवा. स्पिरिट लावू नका. आणखी काहीही करू नका.

शेषेराव बिरादार


विष्णुपुरी, नांदेड
३ जून २०२४

काका,

आज सकाळच्या लातूर गाडीनं पार्सल टाकलं आहे. शिरूरला उतरवून द्यायला कंडक्टरला सांगितलं आहे. प्रत्येक माणूस कापसात गुंडाळला आहे. छत्रीवाला वेगळा, पांढऱ्या डबीत आहे.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्यातलं काही परत घेत नाही, पण ते तुमच्या या दिवसांत लिहायला नको होतं. दोन्ही खरं आहे.

एकदा शिरूरला यावं असं मनात आहे. काकूंना भेटून जाईन. भारतबद्दल त्यांना जे ऐकायचं असेल ते सांगेन. तुमची हरकत नसेल तर आषाढात येतो.

वैजनाथ


शिरूर अनंतपाळ
१६ जून २०२४

श्री. वैजनाथ यांना,

पार्सल मिळालं. एकही माणूस फुटला नाही.

स्टँडवरून डबा मीच आणला. मनात होतं की आधी एकटा उघडून बघेन आणि मग तिला काय सांगायचं ते ठरवेन. पण गेटपाशीच तिनं तो हातातून घेतला. तिथंच ओट्यावर बसून उघडला. मी चपला काढून पाय धुऊन येईपर्यंत निम्मं गाव कापसातून बाहेर आलेलं होतं.

पुढं जे झालं ते तुम्हाला कळणं जरुरीचं आहे म्हणून लिहितो, तुम्हाला दुखवायला नाही.

तिनं फेटेवाले वेगळे केले. लाल एका बाजूला, हिरवे एका बाजूला. कोणी सांगितलं नव्हतं. समोर दिसतच होतं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा. माझ्या लेकराला दिसत होतं. लाल न् हिरवं येगळं केलंय त्यानं. तुमी त्या ठिपक्याच्या पुस्तकावर इश्वास ठेवला."

मी खाली पडलेला कापूस गोळा करायला वाकलो. ती म्हणाली, "चांगलं पोरगं होतं माझं. तुमी त्याच्यात खोट काढली. आयुष्यभर मान खाली घालून राहिलं ते."

एवढं बोलून ती माणसं घेऊन आत गेली.

तेव्हा तिला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. हा रंग त्याचा नाही. मी ते वाक्य तोंडात तयार केलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की ते बोललो तर तिच्याजवळ काय उरेल. मुलगा गेला. त्याच्या हातचं काम गेलं. आणि त्याच्यात दोष होता हे परत उभं राहिलं. तिच्या बाजूनं एवढी एकच गोष्ट आली आहे, ती खोटी आहे आणि चांगली रंगवलेली आहे. मी बोललो नाही. मित्रांनी काय पुरं केलं म्हणून तिनं नंतर विचारलं, तेव्हा तीन गड्यांची हत्यारं आणि सुपाचा कोपरा एवढंच सांगितलं.

आता ते गाव पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. आमच्याकडं वर्षश्राद्ध होईपर्यंत महालक्ष्म्या नाहीत, त्या धाकट्या भावाकडं बसतील. तिकडं हे गाव द्यायला तिनं नकार दिला. शेजारच्या महानंदाबाई आल्या, त्यांना दाखवलं. माझ्या ऑफिसातले जुने धोंडप्पा आले, त्यांनाही दाखवलं. भारतला रंग दिसत नव्हते हे त्या लोकांना कधी माहीतच नव्हतं, त्यामुळं ती काय सिद्ध करते आहे हे त्यांना कळत नाही. ते बिचारे छान म्हणतात, कारागिरी आहे म्हणतात.

ती देवळात गेली होती तेव्हा मी एक फेटेवाला बाहेर काढून बघितला. सुकन्याची नखांचा रंग काढायची बाटली घरात होती. कापसाच्या बोळ्यानं फेट्याची एक कड हलकेच पुसली. लाख गेली, तुमचा लाल गेला आणि एकदम खाली माती आली. मधे काही होतं की नव्हतं ते मला बघताच आलं नाही. बोळा उलटून बघितला तर सगळं एकात एक मिसळलेलं होतं. तो रंग मातकट होता, पण तो भारतचा म्हणता येत नाही. लाल आणि काळा मिसळला तरी तसाच होतो. पुन्हा दुसऱ्या माणसावर करून बघण्याचं धाडस झालं नाही. तो माणूस मी मागच्या रांगेत ठेवला. हातातून पडून टवका उडाला असं तिला सांगितलं. तिनं मला नीट धरायला काय होतं म्हणून विचारलं.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं राहतं. तुम्ही लिहिलंत त्यातलं खोटं काही नाही. त्याचा निवाडा करायला मी आता बसत नाही. माझ्या बाजूनं एवढंच की तुमच्या एप्रिलच्या पत्रात तो जसा हसतो तसा तो या घरात हसला नाही. ते पत्र मी ठेवलं आहे. बाकीची ठेवलेली नाहीत.

आषाढात येतो असं तुम्ही लिहिलं आहे. येऊ नका. तुम्ही समोर बसलात की ती भारतबद्दल विचारणार, आणि पहिलं हेच विचारणार की तो रंग कसा द्यायचा. तुम्हाला खोटं बोलता येईल असं मला वाटत नाही, आणि तुम्ही बोलावं अशीही माझी इच्छा नाही. एका घरात एक माणूस बोलतो आहे ते पुरे. पत्रही टाकू नका. पोस्टमन हल्ली तिच्याच हातात देतो.

केळीचं जे नुकसान झालं असेल ते भरून निघो.

पत्र बंद करत होतो तेवढ्यात ती कपाट पुसायला आली. एक माणूस काढून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ह्याचा फेटा कोणता आहे. रोज एकदा असं माझ्या तोंडून वदवून घेते.

मी लाल म्हणालो.

शेषेराव बिरादार